वडसा भागात कॉलेजला असताना मुलंमुली करतात काय? मुलीला रात्री बाहेर पडता येतं का?

वडिलांची बदली गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला झाली आहे, नाशिक सोडून तू तिथेच बी.एस्सी.ला प्रवेश घेणार आहेस. मॉल नाही, कॅफे नाही, मग तिथली कॉलेजची मुलं अभ्यासाशिवाय करतात तरी काय, आणि मुलीला रात्री बाहेर पडता येतं का, असं तू विचारलं आहेस. मी याच भागातली. गाव कुरखेड्याच्या वाटेवर, आणि वडशात दोन मैत्रिणींसोबत खोली करून दुसऱ्या वर्षाला शिकते. तुझ्याहून मोठी आहे म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

रात्री बाहेर पडता येतं. पहाटेपर्यंत बाहेर राहता येतं, आणि त्यासाठी घरी खोटं बोलावं लागत नाही, कारण त्या रात्री घरचेही बाहेरच असतात. आमच्याकडची रात्र नाटकाची असते.

तू ज्या गावात येते आहेस ते झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर जी नाटकं होतात, त्यांच्या कितीतरी कंपन्यांची ऑफिसं वडशात आहेत. बाजारातून चालताना पाट्या दिसतील, पाट्यांवर कलावंतांचे मोठमोठे फोटो, आत टेबलाशी मॅनेजर आणि समोर खेड्यावरून तारीख घ्यायला आलेले मंडळाचे चार लोक. घासाघीस चालू असते. कुणाला मंडईची, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेची तारीख हवी असते, कुणाला शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची. धान निघतं, हातात पैसा येतो आणि सीझन लागतो, तो होळीच्या आसपासपर्यंत. या दिवसांत वडशात कलावंत खोल्या घेऊन राहतात. संध्याकाळी गाडीत बसून निघतात, रात्रभर कुठल्यातरी गावात नाटक करतात, सकाळी येऊन झोपतात आणि संध्याकाळी पुन्हा दुसऱ्या गावाला. दुपारी टपरीवर चहा पिताना एखाद्याच्या डोळ्यांच्या कडेला काजळाची रेघ राहिलेली दिसेल. मला ती रेघ बघून फार आदर वाटतो. रात्रभर उभं राहून हजारभर माणसांना रडवणं आणि दुसऱ्या रात्री तेच पुन्हा करणं, हे कष्टाचं काम आहे. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. ते आमच्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. त्या दिवशी आमच्याकडे घराघरांत तीच गोष्ट होती.

आता नाटकाला जायचं कसं, ते सांगते. इथे नाटकाला जायचं म्हणजे त्या गावात कुणाच्या तरी घरी पाहुणं जायचं. गावात नाटक आहे असं ठरलं की लेकी माहेरी येतात, जावई येतात, मामाकडचे, आत्याकडचे येतात. लग्नाच्या गोष्टीसुद्धा त्याच दिवशी निघतात. तुझ्या वर्गातल्या मुलींची गावं आजूबाजूला असतील. सीझनच्या पहिल्याच महिन्यात कुणीतरी म्हणेलच, "आमच्या गावी नाटक आहे, येतेस का?" तेव्हा हो म्हण. संकोच करू नकोस. घरात आधीच वीस माणसं असतात, एकविसाव्याचा कुणाला भार होत नाही. संध्याकाळी जेवायला वडा-भात असेल, नाहीतर कोंबडीचा रस्सा. आणि आजी विचारेल, "कोणाची पोट्टी व्हय?" तू नाशिकची आहेस म्हटल्यावर तुझ्या ताटात आणखी एक वडा पडेल.

दिवसा शंकरपट असला तर तोही बघ. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातली होती, तेव्हा मी लहान होते. पट बंद, म्हणून गावच सुनं वाटायचं असं बाबा सांगतात. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. आता पुन्हा जोड्या सुटतात, सेकंदाच्या हिशेबावर नंबर लागतो आणि दाणीच्या, म्हणजे बैल धावतात त्या पट्टीच्या, दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. मला स्वतःला बैलांना टोचलेलं, शेपटी पिरगाळलेली बघवत नाही. असं करायला कायद्यानेही मनाई आहे, आणि जिथे आयोजक ते कडक पाळतात तिथेच मी थांबते.

दहा वाजता घंटा होते. मांडव म्हणजे शेतात नाहीतर गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत तीन बाजूंनी बांधलेलं कापड. पुढे खुर्च्या, त्यांचं तिकीट जास्त. मागे जमिनीवर बसायचं, तिथलं कमी. तू मागे बस. मागे सगळ्या बायका असतात, पोरं मांडीवर झोपलेली असतात, शेंगा फोडणं चालू असतं आणि नाटकातल्या सासूला सरळ शिव्या पडत असतात. स्टेजवर वरून माईक लोंबत असतात, नट त्यांच्याखाली येऊन बोलतात. रंगवलेले पडदे असतात. एक ओढला की वाडा, दुसरा ओढला की जंगल. विंगेत प्रॉम्प्टर बसलेला असतो. आणि बाजूला वाजवणारे: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. सगळं जिवंत वाजतं. नायकाच्या हातातून पत्र पडलं की ऑर्गनवाल्याचा हात त्याच क्षणी खाली आलेला असतो. मी निम्मं नाटक त्या ऑर्गनवाल्याकडे बघत घालवते.

नाटकं बहुतेक घरातली असतात. भाऊ-भाऊ, जमिनीची वाटणी, दारू, मुलीचं लग्न, कर्ज. मधे विनोदी प्रवेश येतो, लावणी येते, आणि मग रात्री दोन-अडीचला असा एक प्रवेश येतो की अख्खा मांडव रडतो. शहरातून आलेल्या काही लोकांना हे भडक वाटतं, ते मोबाईलवर दोन मिनिटांचा तुकडा बघून हसतात. मला त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. ज्या गावात वाटणीवरून दोन भाऊ खरोखर बोलत नाहीत, त्या गावात ते दोघेही मांडवात बसलेले असतात आणि समोर तोच प्रवेश चाललेला असतो. तिथे हळू आवाजातला अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणार नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसानेही तिकीट काढलेलं असतं.

खर्चाचा हिशेबही तुला माहीत असावा. गावातलं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं, मांडव, तिकीट, बंदोबस्त हे मंडळाचं काम. उरलं तर ते देवळाला, शाळेला, गावच्या कामाला लागतं. अवकाळी पाऊस आला तर तोटा मंडळाच्या पोरांच्या अंगावर. ही पोरं आपल्याच वयाची असतात. आमच्या गावात तिकीट फाडायला, बायकांच्या बाजूला लक्ष ठेवायला आता आम्ही मुलीही उभ्या राहतो. वर्गातल्या एखाद्या मुलीच्या गावात असं काम मिळालं तर घे. नुसतं बघणाऱ्यापेक्षा काम करणाऱ्याला गाव लवकर ओळखतं.

सोबत काय न्यायचं: शाल, कानटोपी, खाली टाकायला बोरी किंवा जाड चादर. डिसेंबर-जानेवारीत धानाच्या बांध्यांमधला, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमधला गारठा नाशिकच्या थंडीपेक्षा वेगळा लागतो, तो खालून येतो. आणि झोप आली तर झोप. कुणी हसत नाही, रडायचा प्रवेश आला की शेजारची बाई उठवते.

एक गोष्ट मात्र अगदी गंभीरपणे वाच. अंधार पडल्यावर एकट्यादुकट्या स्कूटीवर जंगलाच्या रस्त्याने जायचं नाही. वडसा, आरमोरी, ब्रम्हपुरी या भागात वाघ अभयारण्याबाहेर, शेतांना लागून राहतात आणि त्यात माणसं गेली आहेत, आमच्या ओळखीच्या घरांतलीसुद्धा. 2021 पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्तीही या बाजूला फिरतात, ऐन धान कापणीत शेतात उतरतात. म्हणून नाटकाला जाणारे ट्रॅक्टरने, गाडी करून, घोळक्याने जातात, आणि नाटक संपलं तरी उजाडेपर्यंत त्याच गावात थांबतात. रात्रभर नाटक चालण्याचा हा एक मोठा फायदा आहे, परत निघायच्या वेळी दिसायला लागलेलं असतं. पहिल्या बसने वडशाला ये. महिलांना एस.टी.त मार्च 2023 पासून निम्मं तिकीट आहे, आणि कॉलेजच्या पासवर 66.67 टक्के सवलत मिळते, तो पास प्रवेश झाल्या झाल्या काढून घे, नंतर रांग फार असते.

छंदाचं म्हणशील तर सांगते. मी इथे पेटी शिकले, म्हणजे शिकते आहे. वडशात आम्ही राहतो त्या घरच्या काकू भजनी मंडळात आहेत. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची भजनं गावोगावी होतात, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, बायकांची वेगळी मंडळं असतात. एक दिवस काकूंकडे पेटी वाजवणाऱ्या बाई आल्या नाहीत, नुसत्या खंजिरीवर भजन झालं. मला तो ऑर्गनवाला आठवत होता. मी विचारलं, मला शिकवाल का? काकू म्हणाल्या, "काहून नाही? बस इथं."

क्लास नाही, फी नाही. बोटं कुठे ठेवायची ते त्या बाईंनी दाखवलं, भाता डाव्या हातानं एकसारखा हलवत राहायचा, तो थांबला की सूर मरतो. सगळ्यात आधी कोणत्या पट्टीत गायचं ते धरायला शिकले. बायका बहुतेक काळी चार किंवा पाचमध्ये गातात, मंडळात एखादे आजोबा आले की सूर खाली, काळी एकवर आणावा लागतो, आणि मग माझी बोटं अडखळतात. एकच चाल तीन घरी तीन तऱ्हांनी म्हणतात, तेव्हा पेटीनं गाणाऱ्याच्या मागे जायचं असतं, पुढे नाही. खंजिरीही हातात घेऊन बघितली. पावसाळ्यात तिचं कातडं सैल पडतं, चुलीच्या उबेला धरून ते ताणून घ्यावं लागतं. ती वाजवणाऱ्या मावशी शेतमजुरी करतात, दिवसभर वाकून काम केलेले त्यांचे हात रात्री इतके हलके कसे पडतात ते मला अजून कळलेलं नाही.

सांगायचं हे की इथे छंद शिकवणारी माणसं भरपूर आहेत, पण त्यांच्या दारावर पाटी नाही. कुणी मांडव सजवतं, कुणी पडदे रंगवतं, कुणाला मामा (माजी मालगुजारी) तलावावरचे सगळे पक्षी नावानिशी ओळखता येतात. तू बी.एस्सी. करणार आहेस म्हणून हे शेवटचं मुद्दाम सांगते. मालगुजारीच्या काळापासूनचे हे तलाव इथे गावोगावी आहेत. हिवाळ्यात सकाळी कुठल्याही तलावाच्या पाळीवर उभी राहिलीस तर अडई, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी सहज दिसतील. मोबाईलवर मर्लिन नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते आवाजावरून पक्षी ओळखतं. त्यावर एकदम विश्वास ठेवू नकोस, पाळीवर बसलेल्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या) काकांना विचारून खात्री कर. त्यांच्याकडून उकडलेले शिंगाडे पण घे. याच तलावांत ते लावतात, आणि बाजारात येईपर्यंत त्यांची गोडी कमी होते.

फिरायचं म्हटलं तर माझी आवडती सहल अर्जुनीकडची. वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातलं आजवरचं एकमेव रेल्वे स्टेशन, गोंदिया-बल्लारशाह लाइनवरचं. सकाळच्या गाडीनं गोंदियाच्या दिशेला निघून अर्जुनीला उतरायचं, पुढे गोठणगावपर्यंत मिळेल ते वाहन. तिथे गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आहे, ज्याच्या कालव्याचं पाणी आपल्या वडशाकडच्या धानाला येतं. आणि त्याच बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे, 1972 पासूनची. धानाच्या बांध्या, मोहाची झाडं आणि मधेच रंगीत पताका लावलेला बौद्ध मठ. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका आजीने आमच्याशी चांगल्या मराठीत गप्पा मारल्या, मोमो खायला घातले आणि धानाचा भाव काय चाललाय ते विचारलं. हिवाळ्यात तिथली बरीच घरं बंद दिसतात, लोक स्वेटर विकायला शहरांत जातात. म्हणून लोसरच्या, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. अर्जुनीजवळच अरुणनगरला बंगाली वसाहत आहे, तिथली दुर्गापूजा बघायला आमच्या कॉलेजची मुलं दरवर्षी जातात. नाशिकला राहून तुला हे दोन्ही एका दिवसाच्या अंतरावर मिळालं नसतं. परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेव, संध्याकाळची चुकली तर पंचाईत होते.

रोजची सकाळ मात्र धावण्यात जाते. इथली निम्मी मुलंमुली पोलीस भरती, वनरक्षक भरतीची तयारी करतात. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असतं. मैदानावर पहाटे पोहोचलीस तर मोबाईलच्या टॉर्चमध्ये टाइम लावणारी मुलगी भेटेल, ती कदाचित माझी रूममेट असेल. तुला भरती द्यायची नसली तरी तिच्यासोबत धाव. मी भरती देणार नाही, तरी धावते, कारण चौघी असल्या की मैदानावर जायला धीर येतो, आणि माझ्यामुळे तिची चौथी भरते.

आणि जुलैमध्ये रोवणी, म्हणजे धानाची लावणी. सुटीच्या दिवशी बऱ्याच मुली गुत्त्याच्या (ठेक्याने काम घेणाऱ्या) टोळीत रोवायला जातात, त्या पैशातून पुस्तकं, मोबाईलचं रिचार्ज, रूमभाडं निघतं. तुला पैशाची गरज नसेल, तरी मैत्रिणीच्या बांधीत एक दिवस चिखलात उतर. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. पण त्या दिवसानंतर वर्गात कुणी "काल कुठं होतीस" विचारलं आणि तू "रोवणीला" म्हणालीस, की नाशिकची मुलगी हे नाव तुझ्यापासून सुटेल.

तुझ्या आईवडिलांना काळजी वाटणं साहजिक आहे. त्यांना घरी बसून समजवू नकोस, पहिल्या नाटकाला सोबतच घेऊन ये. तुझे बाबा खुर्चीवर बसतील, आईला मागे आमच्यात बसव.

दिवाळीला नाशिकला जाशील तर भाऊबीज करून लगेच परत ये. मंडया तेव्हाच सुरू होतात, दिवसा गोवारी समाजाची ढाल नाचते आणि रात्री दंडार (इथली लोककला) नाहीतर नाटक असतं. आमच्या गावची मंडई त्याच आठवड्यात असते. मेसेज कर, आईला सांगून ठेवते, बोरी आमच्याकडे आहे, शाल तेवढी तुझी आण.